टीवर खणखणीत, सामन्यात उशिरा: सॉफ्टबॉलच्या स्विंगमध्ये आधी काय दुरुस्त करायचं?

एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १५ वर्षांची, उजव्या हाताने बॅटिंग करते. टीवर (चेंडू स्थिर ठेवायच्या उभ्या दांडीवर) आणि वडिलांनी जवळून टाकलेल्या चेंडूंवर तिचे फटके खणखणीत बसतात. सामन्यात मात्र वेगवान पिचरसमोर बॅट उशिरा येते आणि चेंज-अपवर, म्हणजे फसवून संथ टाकलेल्या चेंडूवर, ती आधीच फिरून मोकळी होते. व्हिडिओत दिसतं की फटक्याच्या क्षणी ती ताठ उभी राहते, डोकं वर जातं. ‘खाली वाकून राहा’, ‘चेंडू बघ’ असं सतत सांगूनही फरक पडत नाही. मग आधी पोश्चर सुधारायचं की टायमिंग?

या मुलीच्या बाबतीत आधी टायमिंग. कारण प्रश्नातच आहे: टीवर तिचं पोश्चर टिकतं. स्थिर चेंडूवर जी मुलगी शेवटपर्यंत वाकलेली राहू शकते, तिला वाकून राहता येतं. पिचरचा चेंडू आला की ती ताठ होते, कारण आपल्याला उशीर झालाय हे तिच्या शरीराला तोवर कळलेलं असतं. मग बॅट कशीतरी चेंडूपर्यंत पोहोचवण्यासाठी शरीर जवळची वाट धरतं. कंबर प्लेटकडे (बॅटरच्या पुढ्यातल्या, जिच्यावरून चेंडू जातो त्या पाटीकडे) ढकलली जाते, छाती उघडून वर येते, हात अंगापासून लांब फेकले जातात. चेंडू हळू असेल तर उलटं होतं. वजन आधीच पुढच्या पायावर जाऊन पडलेलं असतं, धड पुढे झुकतं आणि मागे राहिलेले हात एकटेच फिरतात. व्हिडिओ थांबवून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी दोष पोश्चरचा दिसतो, पण तो परिणाम आहे. म्हणून ‘खाली वाक’ ही सूचना कितीही वेळा दिली तरी मुळापर्यंत पोहोचत नाही. उलट ती सूचना आठवण्यात तिचा आणखी थोडा वेळ जातो.

अर्थात प्रत्येक खेळाडूचं असंच असतं असं नाही. त्यामुळे मी नेहमी एकच स्विंग तीन ठिकाणी बघते: टीवर, समोरून हळू टाकलेल्या चेंडूवर आणि खऱ्या पिचिंगवर. पोश्चर टीवरच मोडत असेल तर दोष शरीराच्या ठेवणीत, ताकदीत किंवा लवचिकतेत आहे आणि टायमिंगवर मेहनत घेऊन हाती काही लागणार नाही. टीवर ठीक आणि पुढे मोडत असेल तर घड्याळ चुकतंय. ही तपासणी न करता व्यायाम ठरवणं मला पटत नाही.

व्हिडिओ कसा घ्यायचा हेही सांगते, कारण बहुतेक पालक तो फक्त छातीच्या बाजूने घेतात. त्यात पोश्चर दिसतं, वेळ दिसत नाही. दुसरा व्हिडिओ बॅकस्टॉपच्या, म्हणजे कॅचरच्या पाठीमागच्या, जाळीमागून घ्या, म्हणजे पिचरचा हात आणि तुमच्या मुलीचा पुढचा पाय एकाच चौकटीत येतील. फोनवर स्लो मोशन लावा, सेकंदाला २४० फ्रेम असतील तर उत्तम. मग चेंडू हातातून सुटल्याची फ्रेम शोधा, पुढच्या पायाचा चवडा जमिनीला लागल्याची शोधा, टाच टेकल्याची शोधा आणि बॅट-चेंडू भेटीची शोधा. या चार क्षणांमधली अंतरं मोजली की निम्मं निदान झालं.

आता आकडे बघू. मोठ्या मुलींच्या फास्टपिचमध्ये (वेगवान पिचिंगच्या सॉफ्टबॉलमध्ये) पिचिंगचं अंतर ४३ फूट. पिचर पुढे झेप घेते, त्यामुळे चेंडू साधारण ६ फूट पुढून सुटतो, म्हणजे प्रत्यक्षात उरतात ३७ फूट, ११ मीटरच्या थोडं वर. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. म्हणजे हातातून प्लेटपर्यंत सुमारे ०.४५ सेकंद. यातले ०.१५ ते ०.२० सेकंद नुसतं बॅट फिरवायला लागतात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू कुठे येणार, काय करणार आणि मारायचा की सोडायचा हे सगळं ठरतं. तीच पिचर ताशी ७० किलोमीटरचा चेंज-अप टाकते तेव्हा चेंडूला सुमारे ०.५८ सेकंद लागतात. फरक ०.१३ सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या स्विंगइतका. आणि ९०च्या चेंडूवर एक शतांश सेकंद उशीर झाला तर तेवढ्यात चेंडू २५ सेंटिमीटर आत आलेला असतो. पुढच्या पायासमोर भेटायला हवा होता तो पोटासमोर भेटतो. तिथे पूर्ण ताकदीने बॅट लावायला जागाच नसते. मग शरीर जागा करण्यासाठी मागे सरकतं, वर उठतं. तुमच्या मुलीचं ताठ होणं इथून येतं.

२४० फ्रेमच्या व्हिडिओत ९०च्या चेंडूचा प्रवास साधारण १०८ फ्रेमचा भरतो. स्विंगला चाळीसेक फ्रेम लागतात असं धरलं तर टाच टेकून बॅट निघायला हवी पासष्टाव्या फ्रेमच्या आसपास, आणि चवडा त्याच्या बराच आधी, चेंडू निम्म्या वाटेवर येण्याच्या आत, जमिनीला लागलेला हवा. तुमच्या व्हिडिओत मोजा. वेगवान पिचरसमोर उशीर होणाऱ्या मुलींचा पाय चेंडू निम्मं अंतर ओलांडून गेल्यावर टेकताना मी वारंवार पाहिला आहे. त्यांचे हात हळू नसतात, त्यांची सुरुवात उशिरा होते.

म्हणून पहिला बदल हाच: लवकर सुरू करायचं आणि सावकाश सुरू करायचं. या दोन गोष्टी जोडीनेच शिकवा. नुसतं ‘लवकर’ सांगितलं तर मुली सगळंच लवकर करतात आणि चेंज-अपवर तोंडघशी पडतात. पिचरचा हात गोल फिरताना डोक्यावर येतो तेव्हा वजन मागच्या पायावर जायला लागलेलं असावं. हात खाली मांडीपाशी येतो तेव्हा पुढचा पाय हलका होऊन निघालेला असावा. वजन मागे नेण्याची क्रिया झोक्यासारखी हवी: तो मागे जातो, टोकाला क्षणभर रेंगाळतो आणि मग पुढे येतो, मध्ये कुठे धक्का नसतो. अनेक मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहतात आणि चेंडू सुटल्यावर एकदम सगळं शरीर झटकतात. स्थिर शरीराला हलवायला वेळ लागतो आणि घाईत हललेल्या शरीराला थांबवता येत नाही, त्यामुळे त्यांना दोन्हीकडून मार बसतो.

पाय टेकण्याचे दोन टप्पे वेगळे करणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. आधी चवडा टेकतो. तेव्हा पुढच्या पायावर अगदी थोडं वजन असतं, हात मागेच असतात, डोकं दोन्ही पायांच्या मध्ये असतं. मग टाच टेकते आणि तोच स्विंगचा आरंभ. या दोन टप्प्यांच्या मध्ये जो अवकाश आहे, तिथे चेंज-अपशी जुळवून घेता येतं. चेंडू हळू आहे हे कळलं की पुढचा गुडघा किंचित मऊ होतो, टाच अजून टेकत नाही, हात तिथेच थांबतात. खेळाडू ‘थांबली’ असं आपल्याला दिसतं ते एवढंच. चवडा आणि टाच एकदम आपटत असतील तर हा अवकाशच उरत नाही आणि मग प्रत्येक चेंडूवर एकाच वेगाचा जुगार खेळावा लागतो.

हे बसवायला टीवर थांबून मारण्याचा सराव करा: वजन मागे, पाऊल पुढे, चवडा टेकला की थांबा, मनात एक म्हणा, मग टाच आणि स्विंग. थांबलेल्या अवस्थेत तिला पुढचा पाय उचलायला सांगा. तोल न जाता उचलता आला तर वजन योग्य जागी आहे. उचलताना ती पुढे पडली तर वजन आधीच पुढे गेलंय, मग मारू देऊ नका, पुन्हा सुरुवात. ही तपासणी कंटाळवाणी आहे, तरी एका सरावात निदान सुरुवातीच्या दहा-पंधरा चेंडूंना करून घ्या.

त्यानंतर समोरून टॉस. तुम्ही सध्या टाकता ते चेंडू, माझा अंदाज आहे, सगळे एकाच लयीत येतात. माणसाचा हात नकळत तसाच चालतो. त्यामुळे मुलगी तुमच्या लयीवर मारायला शिकते, चेंडूवर नाही. संरक्षक जाळीमागे बसून पाच-सहा मीटरवरून टाका आणि वेग मिसळा: दोन जलद, एक संथ, एक जलद, दोन संथ, आणि क्रम तिला कळू देऊ नका. दहा जलद मग दहा संथ असं कधीच नको, तो सराव दिसायला छान आणि उपयोगाला शून्य. पहिल्या काही दिवसांत फटके बिघडतील. तिला ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती पुन्हा जुन्या सवयीकडे पळेल. आणि टाकताना हात नुसता समोर आणून चेंडू सोडू नका, मागे नेऊन पुढे आणा. तिला सुरुवात करायला तुमच्या हाताची हालचाल दिसली पाहिजे.

शक्य असेल तर संघातल्या पिचर सराव करत असताना तिला हेल्मेट घालून बॉक्समध्ये, म्हणजे प्लेटशेजारच्या बॅटरच्या चौकटीत, उभी करा. बॅट फिरवायची नाही. फक्त वजन मागे, चवडा टेकवणं आणि चेंडू कॅचरच्या हातात जाईपर्यंत डोळ्यांनी सोबत करणं. प्रत्येक चेंडूला ती ‘बॉल’ (सोडण्यासारखा) की ‘स्ट्राइक’ (मारण्याच्या टप्प्यातला) हे बोलेल, शक्य तितकं लवकर. मला हा सराव फार आवडतो, कारण यात निकालाची भीती नसते आणि डोळे मोकळेपणाने शिकतात. नजरेबद्दल एक सूचना: पिचरच्या हाताचा पूर्ण फेरा डोळ्यांनी पकडायला जायचं नाही. नजर आधी तिच्या छाती-टोपीच्या आसपास सैल ठेवायची आणि हात खाली येताना मांडीजवळच्या त्या जागेवर न्यायची, जिथून चेंडू सुटतो. ‘चेंडू बघ’ यापेक्षा ‘सुटताना बघ’ ही सूचना किती तरी उपयोगी आहे.

मनाने मारायला निघायचं ते ‘हो’ म्हणतच. प्रत्येक चेंडू मारायचाच आहे असं धरून शरीर सुरू होतं आणि मध्येच ‘नाही’ म्हणून थांबतं. ‘मारण्यासारखा आहे का’ असा विचार करत उभी राहिलेली मुलगी चांगल्या चेंडूला हमखास उशीर करते. बऱ्याच कोचना यात बेशिस्त दिसते, मला ते मान्य नाही. ‘नाही’ म्हणायला लागणारा वेळ ‘हो’ म्हणायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असतो, कारण थांबण्यासाठी बॅट आणायची नसते.

आता पोश्चर. टायमिंगने बराचसा प्रश्न सुटेल, पण सगळा नाही, आणि ज्यांचं टीवरच मोडतं त्यांच्यासाठी तर हेच मुख्य. पहिली गोष्ट: वाकायचं ते पाठीतून नाही, खुब्यातून. पाठ लांब, गुडघे किंचित सैल, नितंब थोडे मागे, छाती प्लेटवर कललेली, वजन चवड्यांच्या मागच्या भागावर. पाठीला पोक काढून वाकलेल्या मुलीला फिरायला जागाच मिळत नाही, ती फिरायला गेली की उभीच राहते. गुडघे जास्त वाकवून बसणाऱ्या मुलींचंही तेच. ‘खाली वाक’ ऐकून त्या गुडघ्यांतून खाली बसतात, आणि स्विंगमध्ये पाय सरळ झाले की डोकं वीतभर वर उडतं. खुब्यातला कल किती हवा याचं एकच माप नाही. बॅटचं टोक प्लेटच्या बाहेरच्या कडेला सहज टेकतंय आणि पाठ सपाट आहे, एवढं बघा.

हा कल फटक्यापर्यंत टिकवायचा. त्यासाठी भिंतीचा व्यायाम करा. भिंतीकडे पाठ करून, नितंब भिंतीला जेमतेम टेकतील अशा अंतरावर स्टान्स घ्या. बॅट छातीवर आडवी धरून दोन्ही हातांनी कवटाळा. आता सावकाश फिरा. सुरुवातीला वजन मागे जाताना मागच्या बाजूचा नितंब भिंतीला लागेल, फिरल्यावर पुढच्या बाजूचा. मध्येच दोन्ही सुटले तर कंबर प्लेटकडे ढकलली गेली. भिंत तिला ते तुमच्याआधी सांगते, आणि म्हणूनच हा व्यायाम बोलण्यापेक्षा लवकर काम करतो. रोज थोडा, बॅट न फिरवता. पूर्ण स्विंग भिंतीजवळ करू नका, बॅट भिंतीवर आदळेल.

चेंडूच्या उंचीप्रमाणे धडाचा कल बदलतो, हे फार कमी जण शिकवतात. खालच्या चेंडूला खुब्यातून आणि मागच्या खांद्याच्या बाजूला जास्त कलायचं, गुडघ्यावरच्या उंचीच्या चेंडूपर्यंत बॅट कलामुळे पोहोचते, हात खाली सोडल्यामुळे नव्हे. उंच चेंडूला कल कमी. हात खाली टाकून मारलेला खालचा चेंडू एक तर जमिनीवर सरपटतो किंवा मनगट उलटून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात जातो. टी तीन उंचींवर लावा आणि तिन्हींवर हातांचं छातीपासूनचं अंतर सारखं राहतंय का ते बघा. टीची जागाही तपासा. बहुतेक जण टी पोटासमोर ठेवतात. मधला चेंडू पाऊल टाकून झाल्यावरच्या पुढच्या पायाच्या रेषेत हवा, आतला त्याच्याही पुढे, बाहेरचा थोडा मागे. चुकीच्या जागेवरच्या टीवर रोज पन्नास चेंडू मारणारी मुलगी उशिरा मारण्याचाच पाठ गिरवत असते. तुमची टी कुठे आहे हे प्रश्नात नाही, पण आधी तेच बघा.

मागच्या पायाबद्दल एक जुनी शिकवण अजून चालते: चवडा जमिनीत रुतवून टाच गरगर फिरव. याने शरीर जागच्या जागी गिरकी घेतं, वजन मागेच राहतं आणि पाठ मागे कलंडते. चांगल्या स्विंगमध्ये मागच्या पायावरचं वजन पुढे जातं, फटक्याला तो पाय फक्त बोटांच्या टोकावर असतो, कधी कधी जमिनीपासून सुटलेलाही. पुढचा पाय त्या वेळी सरळ होऊन घट्ट उभा राहिलेला असतो. पुढचा गुडघा वाकलेलाच राहून पंज्याच्या पुढे निघून गेला तर ताकद तिथेच गळते.

बॅटचं वजन जरूर बघा. बॅट जड असेल तर वरचं सगळं वाया जाईल, कारण जड बॅट फिरवायला लवकर निघावं लागतं आणि ती तोलायला अंग मागे टाकावं लागतं. साधी चाचणी: वरच्या नव्हे, खालच्या हाताने, म्हणजे उजव्या हाताच्या बॅटरने डाव्या हाताने, बॅट मुठीशी धरून खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरायची. पंधरा-वीस सेकंदांत टोक खाली यायला लागलं तर बॅट सध्या तिच्यासाठी जड आहे. नियमाप्रमाणे बॅट ३४ इंचांपर्यंत चालते म्हणून तेवढी घ्यायलाच हवी असं नाही. त्याच लांबीत हलकी किंवा इंचभर आखूड बॅट दोन आठवडे वापरून बघा.

बॉक्समध्ये उभं राहण्याची जागा हाही वेळ विकत घेण्याचा मार्ग आहे. बॉक्स ७ फूट लांब असतो. दीड फूट मागे सरकलं की ९०च्या चेंडूवर सुमारे ०.०२ सेकंद जास्त मिळतात. थोडे वाटतात, पण वर म्हटलेल्या हिशोबात तो जवळजवळ अर्धा मीटर चेंडू आहे. ड्रॉप (शेवटी खाली जाणारा चेंडू) चांगला असलेल्या पिचरसमोर मात्र पुढे सरकायचं, चेंडू पूर्ण खाली जाण्याआधी भेटायला. राइज बॉलला, म्हणजे वर जात असल्यासारख्या वाटणाऱ्या चेंडूला, जागा बदलण्यापेक्षा काखेच्या वर जाणारा सोडायला शिकणं महत्त्वाचं.

सामन्यात या सगळ्यातलं काहीही बोलू नका. फक्त एक सूचना, तीही सुरुवातीबद्दल: ‘लवकर, सावकाश’. पोश्चरचा शब्दही नको. बाहेर बसून तुम्ही फाउल (बॅटला लागून मैदानाच्या रेषांबाहेर गेलेले चेंडू) कुठे जातात ते लिहून ठेवा. उजव्या हाताच्या बॅटरचे फाउल पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर ती उशिरा आहे, तिसऱ्या बेसच्या बाजूला जात असतील तर लवकर, आणि सरळ मागे जाळीत जात असतील तर वेळ बरोबर आहे, बॅट फक्त चेंडूच्या खालून गेली. सुधारणा आधी इथे दिसते, धावांमध्ये नंतर. वेगवान पिचरसमोर पहिल्या बेसकडचे फाउल कमी होऊन मागच्या जाळीत जायला लागले तर तुमचं काम योग्य दिशेने चाललंय, त्या वेळी काही बदलू नका.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. मी पहिला आठवडा फक्त सुरुवात आणि चवडा-टाच घेतला असता, दुसऱ्या आठवड्यात मिसळलेला टॉस, आणि भिंतीचा व्यायाम दोन्हीत रोज थोडा. एका वेळी २५-३० मनापासूनचे स्विंग पुरे. थकलेलं शरीर ताठ होतंच, आणि दमल्यावर मारलेले शंभर चेंडू तेच ताठ होणं पक्कं करतात.

एवढं करून, वेळ सुधारल्यानंतरही, टीवर किंवा भिंतीपाशी ती खुब्यातून वाकून राहू शकत नसेल तर प्रश्न बॅटिंगचा राहत नाही. वाढीच्या वर्षांत मांडीमागचे स्नायू आखडलेले असू शकतात. पाय सरळ ठेवून वाकताना पाठीला पोक येतो का, एका पायावर उभं राहून खुब्यातून कलता येतं का, एवढं घरी बघा. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून खुबे आणि मांड्या तपासून घ्या. आणि फिरताना कंबरेच्या खालच्या भागात दुखत असेल तर तपासणी होईपर्यंत स्विंग पूर्ण बंद. डोळ्यांचा सराव आणि चवडा टेकवण्याचा सराव त्या काळातही चालू ठेवता येतो, दुखत नाही तोवर.